जर-तरचं मीटिऑर: कल्पित विमान खरं ठरलं त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमचा गट पंधरा-वीस जणांचा. पुण्यात महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, प्लॅस्टिकची विमानं, रणगाडे, जहाजं एकमेकांना दाखवतो, पोहे खातो आणि भांडतो. वर्षातून एकदा, ८ ऑक्टोबरच्या हवाई दल दिनाच्या आसपास, एक हॉल घेऊन प्रदर्शन मांडतो. गटाची वही माझ्याकडे असते, म्हणून हे प्रकरण लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं कुणाचीच दिलेली नाहीत. पण तीन माणसं वारंवार येतील, त्यांची ओळख आधी करून देतो. एक काका, टूलरूममधून निवृत्त झालेले, ज्यांच्या हातून निघालेल्या विमानाचा जोड नखाला लागत नाही. दुसरे वॉरंट साहेब, हवाई दलात इंजिन फिटर होते, हंटरपासून मिग-२१पर्यंत सगळ्यांत हात घातलेला. तिसरी डेकलताई. इंजिनिअरिंगला आहे आणि विमानांवरची चिन्हं, आकडे, पट्टे घरच्या प्रिंटरवर छापून देते.

मॉडेलवाल्यांमध्ये 'व्हॉट-इफ' म्हणून एक प्रकार आहे. जे विमान ज्या हवाई दलाकडे कधी नव्हतंच, ते त्या दलाच्या रंगात रंगवायचं. पाकिस्तानकडे असलेल्या सेबर जेटवर भारतीय रंग, आपल्या हंटरवर पाकिस्तानी, असं. आम्ही त्याला जर-तर म्हणतो. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटतो. आमच्यातही दोन तट आहेत, कारण काहींच्या मते ज्याला खरं विमान अचूक रंगवायचा कंटाळा येतो तोच जर-तरकडे वळतो. मला ते पटत नाही. विमान का आलं नाही हे नीट माहीत असल्याशिवाय ते कसं आलं असतं हे सांगता येत नाही, आणि त्यासाठी बरंच वाचावं लागतं.

काकांनी निवडलं ग्लॉस्टर मीटिऑर. ब्रिटनचं हे दोन इंजिनांचं जेट ५ मार्च १९४३ रोजी पहिल्यांदा उडालं आणि जुलै १९४४ मध्ये स्क्वाड्रनमध्ये दाखल झालं. दोस्त राष्ट्रांचं लढाईत उतरलेलं पहिलं जेट ते हेच. युद्धानंतर त्याला जगभर गिऱ्हाईक मिळालं. अर्जेंटिनाने १९४७ मध्ये एकदम १०० मागवली. पुढे बेल्जियम, हॉलंड, डेन्मार्क, इजिप्त, सीरिया, इस्रायल, ब्राझील, ऑस्ट्रेलिया असे कितीतरी देश ते उडवत होते. भारत त्या यादीत नाही. आपल्याकडे नोव्हेंबर १९४८ मध्ये आलं ते डी हॅविलँड व्हँपायर, एका इंजिनाचं, दोन शेपट्यांसारखे दांडे असलेलं. सात नंबरच्या स्क्वाड्रनला ते आधी मिळालं. नंतर बंगलोरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये, म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये उभ्या केलेल्या कारखान्यात, परवान्याखाली ते बनायलाही लागलं. १९५३ मध्ये फ्रान्सचं उरागाँ आलं, आपण त्याला तुफानी म्हटलं. १९५७ मध्ये मिस्टेर आणि हंटर. या सगळ्या रांगेत मीटिऑरला कुठेही जागा नाही.

ती जागा काकांनी ज्या युक्तिवादाने काढली, तो मला आजही आवडतो. व्हँपायरचा पुढचा भाग, जिथे वैमानिक बसतो, लाकडाचा होता: प्लायवुडच्या दोन पापुद्र्यांमध्ये बाल्सा. व्हँपायर बनवणाऱ्या डी हॅविलँडचंच मॉस्किटो हे लाकडी विमान १९४४ मध्ये भारतात आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर वापरात होतं. त्या वर्षी त्याचे चिकटवलेले जोड उकलले, विमानं पडली आणि ती काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. चौकशीत बोट दाखवलं गेलं ते हवेपेक्षा जोडकामातल्या ढिलाईकडे. पण काका म्हणाले, "समजा, दिल्लीतल्या एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात ती भीती बसली असती. लाकूड नको, धातूचंच द्या, असं त्याने म्हटलं असतं. मग समोर उरतं मीटिऑर." पैशांचा प्रश्नही त्यांनी सोडवला होता. युद्धकाळातली भारताची मोठी स्टर्लिंग शिल्लक, म्हणजे ब्रिटनकडून येणं असलेले पौंड, लंडनमध्ये अडकून होतीच.

वॉरंट साहेबांनी लगेच हरकत घेतली. व्हँपायर आपल्याकडे १९६५च्या लढाईपर्यंत टिकलं, मग लाकूड वाईट कसं? शिवाय दोन इंजिनं म्हणजे इंधन दुप्पट, सुटे भाग दुप्पट, फिटर दुप्पट. "अहो, त्या काळात जेटचा एक फिटर मिळवायची मारामार, तुम्ही दोन इंजिनं घेऊन बसलात." काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी किटचा खोका उघडला.

पहिला निर्णय: चक्र की तिरंगी वर्तुळ

खोक्यात होतं मीटिऑरचं एफ-८ हे रूप, १:७२ मापाचं. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम १५७ मिलिमीटर, तळहातावर मावेल एवढं. नाकात शिशाच्या गोळ्या भराव्या लागतात, नाहीतर तीन चाकांवर उभं न राहता ते शेपटीवर बसतं. काकांनी मासेमारीच्या दुकानातून गोळ्या आणल्या, फेविक्विकने नाकात बसवल्या. तीन रविवारांत विमान चांदीच्या रंगात तयार झालं. वॉरंट साहेबांनी ते उजेडात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "चमक जास्त झाली. हा रंग असतो, उघडा पत्रा नाही." काकांनी ते काच-कागदाने घासून पुन्हा मारलं.

मग चिन्हांचा प्रश्न आला. स्वातंत्र्यानंतरची पहिली दोन-अडीच वर्षं आपल्या विमानांवर अशोकचक्र होतं, निळं, चोवीस आऱ्यांचं. तेव्हा दलाचं नावही 'रॉयल इंडियन एअर फोर्स' होतं. २६ जानेवारी १९५० ला 'रॉयल' गेलं आणि चक्राच्या जागी आजचं वर्तुळ आलं: बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. चक्राची विमानं फार थोडी वर्षं दिसली आणि ती विलक्षण देखणी होती. काकांना चक्रच हवं होतं.

डेकलताईने तारखा मांडल्या. एफ-८ पहिल्यांदा उडालं ऑक्टोबर १९४८ मध्ये. ब्रिटनच्याच स्क्वाड्रनना ते मिळायला १९४९ संपत आलं. म्हणजे भारताला ते १९५० नंतरच मिळणार आणि तोवर चक्र गेलेलं. चक्र हवं असेल तर विमान एफ-४ पाहिजे, आखूड नाकाचं, गोल शेपटीचं. आणि एफ-८च हवं असेल तर वर्तुळ तिरंगी पाहिजे. दोन्ही एकत्र बसत नाहीत.

इथे आम्ही चूक केली आणि ती सगळ्यांनी मिळून केली. काका म्हणाले, "एवीतेवी खोटंच आहे, मग थोडं जास्त खोटं." सगळे हसले आणि विषय संपला. जर-तरचा पहिलाच नियम असतो: एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं त्या बदलाशी इमानदार ठेवायचं. आम्ही तो मोडला, कारण चक्र सुंदर दिसत होतं.

डेकलताईने सहा चक्रं छापली, पंखांवर वर-खाली आणि अंगावर दोन्ही बाजूंना. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून पांढऱ्या डेकल कागदावर, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांच्या कागदावर, छापून गोल कापायचं. पहिल्या छपाईत चोवीस आरे एकमेकांत मिसळून निळा डाग झाला. चौथ्या छपाईत भिंगाखाली आरे मोजता आले. नंबरसाठी काकांनी त्या काळातल्या विमानांची पद्धत घेतली. टेंपेस्ट या लढाऊ विमानावर 'एचए', लिबरेटर या बॉम्बफेकी विमानावर 'एचई' अशी दोन रोमन अक्षरं आणि पुढे आकडे असत. काकांनीही तसाच एक पटण्यासारखा नंबर बनवला. शेजारी पुठ्ठ्याची पाटी ठेवली: 'कल्पित. असं विमान भारतीय हवाई दलात कधीच नव्हतं.'

अडचण

प्रदर्शनात ते विमान सगळ्यात जास्त बघितलं गेलं. पाटी होती, काका स्वतः समोर उभे राहून सांगत होते. त्यामुळे त्या दोन दिवसांत कुणाचाही गैरसमज झाला नाही. झाला तो नंतर.

कुणीतरी फोटो काढला. खाली वाकून, विमानाच्या उंचीवरून, मागे हॉलची भिंत धूसर. फोटो उत्तम होता, हेच त्याचं दुर्दैव. पाटी चौकटीबाहेर राहिली. आठवड्याभरात तो फोटो काळा-पांढरा होऊन आमच्याच व्हॉट्सॲपवर परत आला. खाली मजकूर होता की हे भारताचं पहिलं लढाऊ जेट, १९४९, लोहगाव विमानतळ. खाली तिरंगा, हात जोडलेले, पुढे पाठवा. काळा-पांढरा केल्यामुळे रंगाची सगळी बारीक लबाडी झाकली गेली होती आणि चक्रामुळे ते जुनंही वाटत होतं. ज्या चक्रावरून आम्ही वाद घातला, त्यानेच खोट्याला खऱ्याचं वय दिलं.

तिथेच थांबलं असतं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण शहरातल्या एका शाळेत हवाई दल दिनाच्या निमित्ताने प्रश्नमंजूषा झाली. आठवीतल्या एका मुलाने 'भारताचं पहिलं लढाऊ जेट कोणतं' याचं उत्तर व्हँपायर लिहिलं. बाईंनी ते चुकीचं ठरवलं, कारण त्यांच्या फोनमध्ये फोटोसकट मीटिऑर होतं. मुलगा आमच्या प्रदर्शनाला येऊन गेलेला होता. काकांनी त्याला स्वतः सांगितलं होतं की हे खोटं, खरं व्हँपायर. त्याची आई थेट आमच्या गटातल्या एकाला फोन करून म्हणाली, "तुमच्या विमानाने माझ्या मुलाचा गुण घालवला."

एक गुण. पण रविवारच्या बैठकीत काका गप्प बसले होते आणि पोहे तसेच राहिले होते.

समोरचे पर्याय

बैठक तीन तास चालली. चार रस्ते पुढे आले आणि प्रत्येकाच्या मागे कुणीतरी ठाम उभं होतं.

एक, विमान मोडून टाकायचं. हे काकांनीच सुचवलं, रागात. कुणी ते मनावर घेतलं नाही, कारण फोटो तर बाहेर गेलेलाच होता. विमान मोडून फोटो परत येत नाही.

दोन, ते खऱ्या मीटिऑरच्या रंगात रंगवायचं. वॉरंट साहेबांचा हाच आग्रह होता. एफ-८ कोरियात ऑस्ट्रेलियाच्या ७७ नंबरच्या स्क्वाड्रनने उडवलं. त्याआधी ते मस्टँग उडवत होते. १ डिसेंबर १९५१ ला मिग-१५च्या मोठ्या झुंडीशी गाठ पडली आणि तीन मीटिऑर गेली. त्यानंतर ती स्क्वाड्रन मुख्यतः जमिनीवरच्या माऱ्याला लावली गेली. "खरी गोष्ट एवढी जिवंत असताना खोटी कशाला सांगायची?" हा त्यांचा सवाल होता आणि त्याला त्या दिवशी कुणाकडेही चांगलं उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर याच गोष्टीने काकांच्या जर-तरचा शेवटही ठरून गेला होता. मीटिऑर भारतात आलं असतं तरी १९६५ मध्ये ते सेबरसमोर व्हँपायरइतकंच हतबल ठरलं असतं. १ सप्टेंबर १९६५ ला जम्मूतल्या छांबवर गेलेली चार व्हँपायर परतली नाहीत. त्या जागी मीटिऑर असतं तर? एफ-८ला इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची, होती, व्हँपायरच्या त्या एकआसनी रूपाला नव्हती. कदाचित एखादा वैमानिक जास्त वाचला असता. वॉरंट साहेबांनी हे अगदी हळू आवाजात सांगितलं आणि पाच-दहा सेकंद कुणी बोललं नाही. पण त्याच वेळी त्यांनी दुसरी बाजूही मांडली. मीटिऑरचं एक इंजिन बंद ठेवून उतरण्याचा सराव करताना ब्रिटनच्या हवाई दलाने शांततेच्या काळात कितीतरी वैमानिक गमावले. नव्याने जेट शिकणाऱ्या आपल्या दलाला ते परवडलं नसतं.

तीन, काहीच करायचं नाही, फक्त खुलासा पसरवायचा. तरुण मंडळी याच्या बाजूने होती. पण खुलासा कधीच मूळ फोटोइतका लांब जात नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

चार, खोटेपणाची खूण शेजारच्या पाटीवरून उचलून विमानाच्या अंगावर आणायची. डेकलताईने हे मांडलं. तिचं म्हणणं साधं होतं. पाटी फोटोत येत नाही, विमान येतं. म्हणून विमानालाच बोलता आलं पाहिजे.

काका चिडले. "म्हणजे पंखावर 'हे खोटं आहे' असं रंगवू? मग विमान कुठे राहिलं, पाटीच झाली ना ती." यात तथ्य होतं. जर-तरची सगळी गंमत त्या अर्ध्या क्षणात असते, जेव्हा जाणकारालाही वाटतं, अरे, हे कधी आलं? तो क्षण पूर्ण मारून टाकला तर मॉडेल कशाला करायचं?

दुसरा निर्णय: नंबर

तोडगा निघाला तो नंबरवरून, आणि तोही वादावादीत. मी म्हटलं होतं की नंबरच असा द्यावा जो अशक्य आहे, म्हणजे 'एचए ०००'. जाणकार लगेच ओळखेल. वॉरंट साहेब म्हणाले, "जाणकाराला तसंही फसवता येत नाही. फसते ती शाळेतली बाई. तिला 'एचए ०००' काय सांगणार?" हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांसाठी खुणा ठेवत आलो होतो, आपसातला विनोद म्हणून. ज्याला खूण हवी होती, तो गटात नव्हताच.

डेकलताईने वहीच्या कडेला काहीतरी लिहून वही फिरवली. 'एचए'च्या जागी देवनागरीत 'जर', आणि पुढे १०१. जर १०१. दुरून पाहिलं तर दोन अक्षरं आणि तीन आकडे, नंबरच्या जागी नंबरसारखंच. जवळून वाचलं तर आठवीतल्या मुलालाही कळेल. काकांनी ते बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बरं आहे. पण फॉण्ट सरळ पाहिजे, शाळेच्या फळ्यासारखा नको." याचा अर्थ होकार, हे आम्हाला कळलं.

चक्राचं काय करायचं हा प्रश्न मात्र उघडाच राहिला. तिरंगी वर्तुळ लावलं असतं तर विमान आपल्या तारखांशी इमानदार झालं असतं. काकांनी नकार दिला. डेकलताईनेही जोर केला नाही. त्या दिवशी काकांकडून आणखी एक गोष्ट काढून घेणं कुणाला बरं वाटलं नसतं. आज वाटतं, तेव्हाच आग्रह धरायला हवा होता. ती दया होती, निर्णय नव्हता.

काय केलं

तीन गोष्टी झाल्या. जुना नंबर काढायला काकांनी डेकलवर पाण्याचे थेंब आणि सेलोटेप वापरली. डाव्या बाजूला थोडा चांदीचा रंगही निघाला, तो तसाच झिजलेला ठेवला. नवीन 'जर १०१' दोन्ही बाजूंना बसवलं, आणि पंखाखाली मोठ्या अक्षरात 'जर'. त्या काळात विमानाचा नंबर पंखाखालीही मोठा लिहीत, त्यामुळे ते वेगळं दिसत नाही.

पाटीही बदलली. 'असं विमान कधीच नव्हतं' एवढ्याऐवजी आता तीन-चार ओळी आहेत: मॉस्किटोचे जोड, स्टर्लिंग शिल्लक, दोन इंजिनांचा खर्च, आणि शेवटी व्हँपायर का आलं असावं. ती ओळ वॉरंट साहेबांनी लिहून दिली. काकांनी त्यातलं 'असावं' खोडून 'आलं' केलं, साहेबांनी ते परत 'असावं' केलं. आता पाटीवर 'असावं' आहे आणि त्याच्यावर खोडल्याची रेघ दिसते.

आणि काका शाळेत गेले. आम्ही पत्र पाठवा म्हणत होतो. ते म्हणाले, "पत्राने बाईंना वाटेल मी तक्रार करतोय." एका डब्यात विमान आणि दुसऱ्यात १:७२ चं व्हँपायर घेऊन ते मधल्या सुट्टीत गेले. बाईंनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. मुलाला गुण परत मिळाला. बाईंनी काकांना पुढच्या महिन्यात वर्गावर बोलावलं, तेव्हा काकांनी वॉरंट साहेबांना बरोबर नेलं. व्हँपायरचा पुढचा भाग लाकडाचा असतो हे ऐकून पोरांनी साहेबांना विचारलं की मग त्याला वाळवी लागायची का. साहेबांना याचं उत्तर देता आलं नाही आणि ते आठवडाभर तेच सांगत हिंडत होते.

परिणाम

पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात 'जर १०१' पुन्हा मांडलं. अनेकांनी पाटी न वाचता विमान पाहिलं, नंबर वाचला, हसले, मग पाटी वाचली. काकांना हवा असलेला अर्धा क्षण शिल्लक राहिला होता. दोघा-तिघांनी फोटो काढले आणि त्यात नंबर येतोच.

एका आंतरशहर स्पर्धेत मात्र परीक्षकांनी गुण कापले. नंबर 'अनधिकृत' आणि चक्र व एफ-८ 'काळाशी विसंगत', असा शेरा होता. पहिल्या शेऱ्यावर काका भडकले. कल्पित विमानाला अधिकृत नंबर कुठून येणार? दुसऱ्या शेऱ्यावर ते काहीच बोलले नाहीत.

जुना फोटो मरण पावलेला नाही. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये तो उगवतो, कधी लोहगाव असतं, कधी अंबाला. आम्ही खुलासा टाकतो, काही जण ऐकतात, काही आम्हालाच देशद्रोही ठरवतात. एकदा काकांच्या मेहुण्याने तो फोटो त्यांनाच पाठवला, "पाहा, तुमच्या आवडीचं" असं लिहून. काकांनी उत्तरादाखल फक्त स्वतःच्या टेबलावरचा, पंखाखालचं 'जर' दिसणारा फोटो पाठवला. मेहुण्याने अंगठा पाठवला. त्याला काही कळलं की नाही, काकांना अजून माहीत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, तारखांचा वाद 'एवीतेवी खोटंच' म्हणून सोडला नसता. त्या वेळी एफ-८वर तिरंगी वर्तुळ लावलं असतं तर फोटोवर '१९४९' चिकटवणं कुणालाही अवघड गेलं असतं. कल्पनेतली शिस्त हीसुद्धा एक प्रकारची पाटीच असते, आणि ती फोटोत येते. हे आम्हाला शाळेतल्या गुणानंतर समजलं, त्याआधी नाही.

दुसरं, खूण कुणासाठी ठेवतोय हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारला असता. वॉरंट साहेबांनी तो विचारेपर्यंत आम्ही सहा-सात अनुभवी माणसं परीक्षकांना काय कळेल याचाच विचार करत होतो.

फोटो काढायला बंदी घालावी असं गटातल्या एकाचं म्हणणं होतं आणि अजून आहे. मला ते मान्य नाही. मुलं फोटो काढतात म्हणूनच काही घरी जाऊन व्हँपायर शोधतात. नियम आता एवढाच आहे: जर-तरच्या प्रत्येक मॉडेलवर, कोणत्याही कोनातून घेतलेल्या फोटोत, निदान एक देवनागरी 'जर' दिसला पाहिजे. पाच वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढून डेकलताई ते तपासते आणि नापास मॉडेल परत पाठवते. गेल्या महिन्यात तिने माझं भारतीय सेबर परत पाठवलं, कारण समोरून घेतलेल्या फोटोत 'जर' नव्हता. मी नाकाखालच्या चाकाच्या झाकणावर तो बसवला. दीड मिलिमीटरचा. भिंगाशिवाय मलाही वाचता येत नाही, पण ती म्हणते फोनचा कॅमेरा वाचतो.

काकांनी आता मीटिऑरच्या एफ-४चा किट मागवलाय. आखूड नाक, गोल शेपटी, १९४८. त्यावर चक्र बसतं. नंबरही ठरलाय: जर १०२.